नॉर्वेचा उत्तर किनारा गाडीने: आधी फेरीबोट, मग डोंगर, शेवटी तंबू

नॉर्वेत स्टाइनशेरपासून बोडोपर्यंत किनाऱ्याला चिकटून जाणारा रस्ता म्हणजे काउंटी रस्ता क्रमांक १७. लांबी साधारण ६५० किलोमीटर, आणि वाटेत सहा ठिकाणी गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. या रस्त्यावर तंबू आणि ट्रेकचं सामान घेऊन जाणाऱ्यांची गडबड बहुतेक वेळा एकाच जागी होते. ते किलोमीटर मोजून दिवस पाडतात, ‘बघण्यासारखं’ काय काय आहे ते त्यात कोंबतात आणि बोटीचं वेळापत्रक धक्क्यावर पोचल्यावर उघडतात. मग दुपारी दोन तास धक्क्यावर, संध्याकाळी डोंगर रद्द आणि रात्री मिळेल तिथे तंबू.

क्रम उलटा हवा. बोटीच्या वेळा आधी पक्क्या करायच्या, त्यांच्यामधल्या मोकळ्या वेळात डोंगर बसवायचा आणि मुक्काम दुसऱ्या दिवशीच्या बोटीच्या हिशेबाने ठरवायचा. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत.

टप्पा १: महिना आणि दिशा

तंबूसाठी जूनचा मध्य ते ऑगस्टअखेर हा काळ धरा. त्याआधी वरच्या डोंगरांवर बर्फ असतो, त्यानंतर बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि काही कॅम्पिंगच्या जागाही बंद होतात. उन्हाळा असला तरी दिवसाचं तापमान बऱ्याचदा १० ते १५ अंशांत असतं. सोबत वारा आणि आडवा पाऊस.

बोडोला मध्यरात्रीचा सूर्य साधारण ४ जून ते ८ जुलै दिसतो. खाली स्टाइनशेरकडेही त्या दिवसांत खरा अंधार पडत नाही. म्हणजे ‘अंधार पडायच्या आत उतरू’ हे आपलं नेहमीचं गणित इथे लागू नाही. पण अंधार नसला तरी थकवा येतोच. रात्री अकराला चढाई सुरू करणारे लोक दिसतात, ते दुपारभर झोपलेले असतात. आपण सकाळपासून गाडी चालवून तोच प्रकार करू नये.

दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवा. ट्रॉनहेमला गाडी घेतली तर ई-६ महामार्गाने स्टाइनशेर सुमारे १२० किलोमीटर. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची असेल तर भाड्याच्या कंपन्या त्याचे वेगळे आणि बऱ्यापैकी पैसे लावतात. बुकिंगच्या पडद्यावर तो आकडा कधीकधी अगदी शेवटी दिसतो. तो बघितल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका.

टप्पा २: सहा बोटी कागदावर मांडा

दक्षिणेकडून क्रम असा आहे:

१. होल्म ते वेनेसुंद, साधारण २० मिनिटं.
२. होर्न ते आन्दाल्सवोगेन, तेवढीच.
३. फोरविक ते ट्योटा, सुमारे तासभर.
४. लेवांग ते नेस्ना, साधारण २५ मिनिटं.
५. किल्बोगहाम्न ते येक्तविक, सुमारे तासभर. याच बोटीवर आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं.
६. ओगस्कारदे ते फोरोय, दहाएक मिनिटं.

यांतल्या दोन तासाभराच्या बोटी खऱ्या अडचणीच्या. त्यांच्या दिवसातल्या फेऱ्या मोजक्याच असतात. दहा मिनिटांची बोट चुकली तर फारसं बिघडत नाही, फोरविकची किंवा किल्बोगहाम्नची चुकली तर दुपार जाते.

वेळा ‘एन्टुर’ या अ‍ॅपवर किंवा नूरलँड काउंटीच्या ‘रेइस नूरलँड’ सेवेवर बघा. बघताना तुमची *तारीख* टाका. नुसतं ‘उन्हाळी वेळापत्रक’ वाचून थांबू नका. शनिवार-रविवारच्या वेळा वेगळ्या असतात आणि शनिवारी संध्याकाळी फेऱ्या हमखास कमी होतात. वेळेशेजारी ‘इनस्टिल्ट’ असा शब्द दिसला तर ती फेरी रद्द.

या सहाही बोटींना आरक्षण नाही. जो आधी रांगेत लागला तो आधी चढला. त्यामुळे वेळापत्रकातली वेळ ही बोट *सुटण्याची* आहे, तुम्ही पोचण्याची नव्हे. जुलैत अर्धा तास आधी पोचा, दोन मोठ्या बोटींसाठी पाऊण तास.

होर्नच्या बोटीतून उतरल्यावर फोरविकचा धक्का जेमतेम १७ किलोमीटरवर आहे, आणि तुमच्यासोबत उतरलेल्या बहुतेक गाड्या तिकडेच निघतात. या पट्ट्यात फोटोसाठी थांबायचं असेल तर त्या बोटीचा नाद सोडून पुढची धरा. दोन्ही साधायला जाणारा माणूस धक्क्यावर बोटीची पाठ बघतो.

सावधान: दिवसाची शेवटची बोट कधीही योजनेत धरू नका. शेवटून दुसरी धरा. शेवटची ही राखीव.

टप्पा ३: दिवस उलटा मोजा

आता खरं काम. दिवस सकाळपासून पुढे न मोजता बोटीपासून मागे मोजायचा. समजा बोट दुपारी सव्वातीनला आहे.

धक्क्यावर पोचायचं पावणेतीनला. डोंगराच्या पायथ्यापासून धक्का ४० किलोमीटर. नकाशाचं अ‍ॅप याला पस्तीस-चाळीस मिनिटं सांगेल, आपण तास धरायचा. वेगमर्यादा ८० असली तरी वळणं, अरुंद पूल, रस्त्यात बसलेल्या मेंढ्या आणि पुढे रेंगाळणारी मोठी कॅम्पर गाडी धरून सरासरी ताशी ५० च्या वर क्वचितच जाते. म्हणजे पायथा सोडायचा पावणेदोनला. फलकावर चढ-उताराचे चार तास लिहिलेत, तर आपले पाच. ते फलक स्थानिकांच्या पायांनी मोजलेले असतात. चढाईची सुरुवात पावणेनऊला. तंबू आवरणं आणि नाश्ता याला दीड तास, ओला तंबू असेल तर त्याहून थोडा जास्त. म्हणजे उठायचं सातला.

असा प्रत्येक दिवस कागदावर मांडला की कोणता डोंगर कुठल्या दिवशी बसत नाही ते आपोआप कळतं. डोंगराच्या दिवशी दोनपेक्षा जास्त बोटी नकोत आणि १५० किलोमीटरच्या वर गाडी नको. एवढं पाळलं तर हा किनारा सात-आठ दिवसांचा होतो. दोन दिवसांतही तो पार करता येतो, पण मग तंबू आणि बूट उगाच वाहून न्यायचे.

तपासा: प्रत्येक बोटीपुढे ‘चुकली तर काय’ हे लिहिलं आहे का? किल्बोगहाम्नची बोट रद्द असेल तर मागे फिरून मो इ राना हे शहर गाठता येतं आणि तिथून ई-६ ने साल्तफ्येलचा डोंगराळ भाग ओलांडून बोडोकडे जाता येतं. वाटेतल्या सान्नेसशोएन गावाहूनही रस्ता आत मुशोएन गावाला ई-६ कडे जातो. हे दोन पर्याय आधीच नकाशावर खुणा करून ठेवा. आणि तो नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांच्या, कोपऱ्यांत नेटवर्क जातं.

टप्पा ४: गाडी, कागद, पैसे

भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. भाड्याने गाडी देणारे तो मागतात.

बोटीला भाडं असेल तिथे ते हल्ली बहुधा गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून वसूल होतं. त्याला ‘ऑटोपास’ म्हणतात. भाड्याच्या गाडीचं बिल कंपनीकडे जातं आणि मग तुमच्या कार्डावर. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच विचारा: बोट आणि टोल कसे आकारता, दरवेळी सेवाशुल्क लावता का? भाडं गाडीच्या लांबीवर ठरतं आणि सहा मीटर ही महत्त्वाची रेघ आहे. कॅम्पर घेत असाल तर सायकलच्या स्टँडसकट लांबी किती ते कागदावर बघा.

गाडी उजवीकडून चालते, दिवे दिवसाही लावलेले हवेत, चमकणारं जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण गाडीत असायलाच हवा. जाकीट डिकीत पुरून ठेवू नका, बसल्या जागी हाताला यायला हवं. दारूची मर्यादा रक्तात ०.२ प्रति हजार आहे, म्हणजे जेवताना एक बिअर घेऊन ‘शेवटची बोट गाठू’ हा विषयच नाही. एकेरी रस्त्यावर निळ्या पाटीवर ‘एम’ लिहिलेली रुंद जागा ही समोरच्याला वाट देण्यासाठी असते. तिथे गाडी लावून फोटो काढणारे पर्यटक हा स्थानिकांच्या संतापाचा विषय आहे, आणि तो रास्त आहे.

पेट्रोलपंप बऱ्याचदा बिनमाणसांचे, कार्ड आणि पिनवर चालणारे. पिन नसलेलं कार्ड निरुपयोगी. रंग घातलेलं करमुक्त डिझेल फक्त यंत्रं आणि ट्रॅक्टरसाठी असतं. ते स्वस्त दिसतं म्हणून भरू नका.

रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारीच शिधा भरा. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूपही त्यातच आलं.

टप्पा ५: सामान तीन भागांत

सगळं डिकीत टाकणं ही यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. बोटीवर गाड्या इतक्या चिकटून उभ्या करतात की डिकी उघडतच नाही. कधी कधी दारही जेमतेम वीतभर उघडतं आणि अंग चोरून बाहेर यावं लागतं. म्हणून:

*बोटीची पिशवी*, पुढच्या सीटवर: वाऱ्याचं जाकीट, टोपी, पाण्याची बाटली, थर्मास, कागदपत्रं, गरज असेल तर मळमळीची गोळी.

*डोंगराची सॅक*, मागच्या सीटवर, आदल्या रात्रीच भरलेली: पावसाचे वरचे-खालचे कपडे, लोकरीचा एक थर, कोरडे मोजे, कागदी नकाशा आणि होकायंत्र, खाणं, प्रथमोपचार, शिटी. सुती कपडे नकोत. ओला सुती शर्ट वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो.

*मुक्कामाचं सामान*, डिकीत. यात तंबू सगळ्यात वर आणि स्वतःच्या वेगळ्या जलरोधक पिशवीत. ओला तंबू स्लीपिंग बॅगला लागता कामा नये. खुंट्या दोन प्रकारच्या घ्या: साध्या आणि रुंद, वाळूत धरणाऱ्या. जादा दोऱ्याही घ्या. किनाऱ्यावर बऱ्याच जागी वीतभर मातीखाली कातळ लागतो, तिथे खुंटी आत जात नाही आणि दोरी धोंड्यालाच बांधावी लागते.

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही. तो नॉर्वेत उतरल्यावर खेळाच्या सामानाच्या दुकानातून घ्या, आणि तुमच्या शेगडीचा आटा स्क्रूचा आहे याची घरीच खात्री करा. डोळ्यांवर बांधायची पट्टी विसरू नका. पहाटे तीनला तंबू आतून उजळलेला असतो.

टप्पा ६: धक्क्यावर आणि बोटीत

१. धक्क्यावर रस्ता आकडे लिहिलेल्या रांगांमध्ये फुटतो. ज्या रांगेत शेवटची गाडी उभी आहे तिच्या मागे लागा. रिकामी दिसणारी रांग बहुधा राखीव असते. रुग्णवाहिका किंवा स्थानिक सेवांच्या गाड्यांसाठी.
२. रांगेत गाडी सोडून लांब जाऊ नका. बोट आली की दहा मिनिटांत सगळं उरकतं.
३. चढताना पिवळ्या जाकिटातला माणूस हाताने दाखवेल तिथेच, तेवढंच पुढे. तो ‘अजून, अजून’ करतो तेव्हा पुढच्या गाडीला धडकणार असं वाटतं. त्याच्या हाताकडे बघा, बंपरकडे नको.
४. इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. हालचालीने वाजणारा अलार्म बंद करा. कॅम्परमधल्या गॅसच्या नळीचा खटका बंद.
५. बोटीची पिशवी उचला आणि वर जा. समोरचा दरवाजा खाली यायला लागण्याआधी परत गाडीत असा.

सावधान: उतरल्यावर लगेच ओव्हरटेक करू नका. सगळी बोट एका माळेत निघते, आणि मागे मोठ्या ट्रकवाल्याला त्याची पुढची बोट गाठायची असते. तुम्हाला घाई नसेल तर पहिल्या थांब्यावर बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ द्या.

टप्पा ७: डोंगर निवडणं

इथे एक गोष्ट आपल्या सवयीच्या विरुद्ध आहे. बरेचसे डोंगर समुद्रसपाटीवरूनच उठतात. सान्नेसशोएनजवळच्या ‘सात बहिणी’ या शिखरांपैकी सर्वांत उंच बोत्नक्रोना १०७२ मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जवळपास सगळी उंची पायांनी चढायची असते. वरच्या भागात घसारा आणि मोठाले धोंडे. जूनमध्ये वर बर्फाचे पट्टे असू शकतात, आणि कडक झालेल्या उतरत्या बर्फावरून घसरलं तर थांबायला काही नसतं. हा अख्ख्या दिवसाचा डोंगर आहे. त्या दिवशी बोट नकोच.

बोटींमध्ये बसणारा डोंगर हवा असेल तर ब्रोनोयसुंदजवळचा तोरगहातेन. उंची २५८ मीटर आणि मधोमध आरपार भोक: सुमारे १६० मीटर लांब, ३५ मीटर उंच. भोकापर्यंत अर्धा तास पुरतो. पायऱ्या आणि दगड ओले असताना निसरडे होतात, चपला घालून जाऊ नका.

फोरोयच्या पुढे होलांद्सफ्योर्दवर उन्हाळ्यात एक छोटी होडी पलीकडे नेते. तिथून साधारण तीन किलोमीटर चालत गेलं की स्वार्तिसेन हिमनदीची एंगाब्रेएन ही शाखा जवळून दिसते. परतीच्या होडीची वेळ *जाताना* विचारा. बर्फाच्या तोंडाजवळ आणि त्याच्या खाली कधीही उभं राहू नका. बर्फ न सांगता कोसळतो. पाट्या आणि दोऱ्या ओलांडू नका, समोर कुणी ओलांडलेलं दिसलं तरी.

वाटांवर लाल रंगात ‘टी’ ही खूण असते, आणि फलकांवर हिरवा, निळा, लाल, काळा अशी अवघडपणाची चढती श्रेणी. वाटांची माहिती नॉर्वेच्या पदभ्रमण संघटनेच्या ‘यूटी’ या संकेतस्थळावर मिळते, हवामान ‘वाय-आर’वर. वाऱ्याचा आकडा मीटर प्रति सेकंदात असतो. १० दिसला तर ताशी ३६ किलोमीटर. धारेवर तो आणखी वाढतो.

तपासा, निघण्याआधी पाच मिनिटं: वर ढग कुठपर्यंत उतरलाय? कुणाला परतीची वेळ सांगितली आहे का? माघारी फिरण्याची वेळ घड्याळात ठरवली आहे का? नॉर्वेच्या डोंगर-नियमांत वेळीच मागे फिरा, त्यात लाज नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. बोट गाठायची असताना हा नियम दुप्पट लागू होतो. आणीबाणीला रुग्णवाहिका ११३, पोलीस ११२, आग ११०.

टप्पा ८: तंबूची जागा

‘नॉर्वेत कुठेही तंबू ठोकता येतो’ हे अर्धसत्य आहे. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात मुक्कामाचा हक्क दिला आहे, पण राहत्या घरापासून किंवा केबिनपासून किमान १५० मीटर दूर, आणि एका जागी परवानगीशिवाय दोन रात्रींपेक्षा जास्त नाही. उंच डोंगर आणि आडरान यांना दोन रात्रींची अट नाही. हा हक्क पायी माणसाचा आहे. गाडी रस्ता सोडून रानात घालता येत नाही.

सर्वांत जास्त चुकतं ते शेताच्या बाबतीत. समुद्रालगत सपाट, हिरवीगार, मऊ जागा दिसली की मन लगेच तिथे बसतं. जवळ जाऊन बघा. गवत एकाच जातीचं आणि एकसारख्या उंचीचं आहे? कडेला कुंपण, चर किंवा ट्रॅक्टरच्या चाकांचे माग आहेत? मग ते गवताचं शेत आहे, शेतकऱ्याचा हिवाळ्याचा चारा. तिथे तंबू नाही. खरी रानजागा ओबडधोबड असते. मध्ये झुडपं, दगड, मॉस आणि मेंढ्यांच्या लेंड्या.

मग पाय दाबून बघा. पाणी वर आलं तर दलदल. भरतीची रेघ बघा. वाळलेलं समुद्री गवत जिथे साठलंय त्याच्या बऱ्याच वर तंबू लावा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि सगळ्या दोऱ्या पहिल्याच झटक्यात ताणा. ‘वारा आला तर बघू’ म्हणणाऱ्याला रात्री दोनला बाहेर यावंच लागतं.

१५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटीला बंदी आहे. कोरड्या दिवसांत स्थानिक बंदी त्याहून कडक असते, तेव्हा शेगडीबद्दलही विचारून घ्या. दक्षिणेकडच्या भागात, साधारण ब्रोनोयसुंदपर्यंत, गवतात गोचिड्या असतात. झोपण्याआधी गुडघ्यामागे आणि कमरेला हात फिरवून बघा.

दोन-तीन रात्रींनी एकदा तरी पैसे भरून कॅम्पिंगच्या जागी राहा. तंबू सुकतो, कपडे धुतले जातात, फोन चार्ज होतो. तिथल्या गरम पाण्याला काही ठिकाणी टोकन किंवा वेगळे पैसे लागतात. अंगाला साबण लावण्याआधी ते चौकशी करून घ्या.

टप्पा ९: बोडोच्या आधी आणि नंतर

बोडोच्या तीसेक किलोमीटर अलीकडे रस्ता साल्तस्त्राउमेनवरून जातो. भरती-ओहोटीचं पाणी तिथे अरुंद फटीतून सुटतं आणि प्रवाह दर सहाएक तासांनी दिशा बदलतो. चुकीच्या वेळी गेलात तर खाली शांत पाणी दिसेल आणि लोक कशासाठी येतात ते कळणार नाही. जोराच्या प्रवाहाची त्या दिवसाची वेळ आधी बघा. काठावरचे दगड ओले असतात, लहान मुलांचा हात सोडू नका.

पुढे लोफोटेन बेटांवर जायचं असेल तर बोडो ते मोस्केनेस ही बोट या सहांसारखी नाही. उघड्या समुद्रातून तीन ते चार तास, वाटेत वेरोय आणि रोस्त ही बेटं घेणारी असेल तर आणखी जास्त. इथे काही जागा आधी राखता येतात. जुलैत त्या राखाच, नाहीतर रांगेत एक बोट डोळ्यांदेखत भरून निघून जाते. मळमळीची गोळी बोट सुटण्यापूर्वी घ्यायची, लाटा लागल्यावर नाही. लोफोटेनमध्ये गर्दीमुळे बऱ्याच जागी तंबूबंदीच्या पाट्या आहेत, आणि तिथे १५० मीटरचा नियम सांगून उपयोग होत नाही. परत येताना बोट घ्यायलाच हवी असंही नाही. बेटं पूल आणि बोगद्यांनी मुख्य भूमीला जोडलेली आहेत, ई-१० धरून बाहेर पडता येतं.

गाडी परत देताना आतली वाळू झाडा, ओला तंबू सीटवर ठेवलेला असेल तर सीट सुकवा आणि चारही बाजूंचे फोटो काढा. बोटी आणि टोलचं बिल काही आठवड्यांनी येतं. टप्पा ३ चा तो कागद तोवर फेकू नका. कोणत्या तारखेला कोणत्या बोटीत होतात ते त्यावर आहे, आणि बिलातली प्रत्येक ओळ त्याच्याशी ताडून बघता येते.